आधी पडायला शिका

परवा रविवारी सकाळी पुण्याहून नातीचा फोन आला. रविवारी सकाळी दहाच्या आत ही मुलगी कधी उठत नाही, त्यामुळे फोन वाजल्याबरोबर माझ्या पोटात धस्स झाले. "आजी, घाबरू नकोस, पण माझा गुडघा सुजलाय."

ती गेले तीन महिने ऑफिस सुटल्यावर किकबॉक्सिंगच्या फिटनेस क्लासला जाते. तिथे समोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो. मोठ्याने गाणी लावतात आणि त्या तालावर तीसचाळीस जण हवेत ठोसे आणि लाथा मारतात. वजन उतरते, घाम निघतो, मन हलके होते. माझा त्याला अजिबात विरोध नाही. आमच्या वेळी मुलींनी असे काही करायचे म्हटले असते तर घरात काय झाले असते ते सांगायलाच नको!

झाले असे की त्या दिवशी लाथांचा वेग वाढवला होता. हिने उजवी लाथ गोल फिरवली, कंबर फिरली, पण ज्यावर उभी होती तो डावा पाय बुटाच्या रबराने जमिनीला घट्ट चिकटून राहिला. वरचे अंग फिरले, खालचा पाय फिरला नाही. मधल्यामध्ये गुडघा पिळला गेला. डॉक्टर म्हणाले लिगामेंट ताणले गेले आहे, तुटलेले नाही, सहा आठवडे जपा. थोडक्यात निभावले.

मी विचारले, "अगं, उभा पाय फिरवायचा असतो हे तुला कोणी सांगितले नाही?" ती म्हणाली, "आजी, तिथे इतक्या जोरात गाणी असतात की कोण काय सांगतंय ते ऐकूच येत नाही."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मला नातीच्या गुडघ्यापेक्षा एक कोपर आठवत होते. एका अकरा वर्षांच्या मुलीचे कोपर. ही गोष्ट मी घरातसुद्धा फारशी कधी बोललेले नाही. आज लिहून टाकते.

१९७६ सालची गोष्ट. नोकरीला लागून मला दोनच वर्षे झाली होती. विषय मराठी आणि इतिहास. आमचे खेळाचे सर महिनाभर रजेवर गेले आणि वेळापत्रकात सहावीच्या मुलींचा खेळाचा तास माझ्या नावावर पडला. मी आयुष्यात कधी कोलांटउडी मारलेली नव्हती. पण तासाला काहीतरी घ्यायला हवे, म्हणून तागाची चटई अंथरली आणि एकेकीला धावत येऊन कोलांटउडी मारायला सांगितले. कशी मारायची ते मला माहीत नव्हते, म्हणून मी शिकवले नाही. "मारा, भिऊ नका" एवढेच म्हणाले. सातवी की आठवी मुलगी धावत आली, ऐन वेळी घाबरली आणि तिने हात ताठ पुढे टेकला. सगळे वजन त्या एका ताठ हातावर आले. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आधी गावातल्या हाडवैद्याकडे, मग तालुक्याच्या दवाखान्यात. हाड जुळले, पण हात कोपरात थोडा वाकडाच राहिला. तिचे वडील शाळेत आले, मला वाटले आता ओरडतील. ते म्हणाले, "बाई, पोरं खेळताना पडायचीच." त्यांनी मोठ्या मनाने म्हटले खरे, पण मला ते पटले नाही. पोरे पडणारच हे बरोबर. पण पडायचे कसे हे शिकवता येते, हे मला तेव्हा माहीतच नव्हते.

ते जगात कोणीतरी फार पूर्वी शिकवून ठेवले आहे हे मला निवृत्तीनंतर कळले. मेइजी काळातला जपान मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला. सम्राट, कारखाने, आरमार, रशियावरचा विजय... पण त्यात जिगोरो कानो हे नाव कुठे नव्हते. ते माझ्याच व्यवसायातले गृहस्थ निघाले, म्हणून आज त्यांची ओळख करून देते.

कानो यांचा जन्म १८६० चा, कोबेजवळच्या मिकागे गावचा. घराणे साके गाळणाऱ्यांचे, खाऊनपिऊन सुखी. मुलगा हुशार पण अंगाने किरकोळ. शाळेत दांडगी मुले त्याला बदडत. कोणीतरी सांगितले की जुजुत्सू नावाची विद्या आहे, तिच्यात लहान चणीचा माणूस मोठ्याला लोळवू शकतो. पण शिकायचे कोणाकडे? सामुराईंचे दिवस संपले होते, तलवारी गेल्या होत्या, जुन्या विद्यांना कोणी विचारत नव्हते. उस्तादांचे पोट भरायचे ते मोडलेली हाडे बसवून. म्हणून कानोंनी काय करावे? रस्त्याने जाताना हाडवैद्याची पाटी दिसली की आत शिरायचे आणि विचारायचे, तुम्ही जुजुत्सू शिकवता का?

हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि आपल्याकडचे सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. आपल्या तालमीतला वस्ताद तरी दुसरे काय करतो? गावात कोणाचा खांदा निखळला की त्याला आधी तालमीत नेत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव हे जेवढे व्यायामाचे आचार्य म्हणून प्रसिद्ध होते तेवढेच हाडवैद्य म्हणूनही. शरीर मोडते कसे हे ज्याला कळते, त्यालाच ते घडवावे कसे हे कळत असावे. असो.

अशाच एका हाडवैद्याच्या ओळखीने १८७७ मध्ये कानो फुकुदा हाचिनोसुके या उस्तादांकडे पोहोचले. शिकवण्याची पद्धत जुनी. कानोंनी विचारावे, "गुरुजी, हा डाव कसा करायचा?" गुरुजींनी "ये" म्हणावे आणि आपटावे. पुन्हा विचारले की पुन्हा आपटावे. सांगून काय समजणार, पडून पडून समजेल, असा हिशेब. बिचाऱ्या कानोंचे अंग इतके ठेचून निघे की ते सतत मलम चोपडून असत, आणि त्या मलमाच्या वासावरून मित्र त्यांची थट्टा करत.

गुरूंविषयी कानोंना आयुष्यभर आदर होता. पण त्यांनी स्वतः शिकवायला घेतले तेव्हा मात्र तो मार्ग सोडला. १८८२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी शाळा काढली. नाव कोदोकान. पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. आपल्या विद्येला त्यांनी जुजुत्सूऐवजी जूदो म्हटले. 'जुत्सू' म्हणजे कसब, 'दो' म्हणजे मार्ग. आपण ज्याला ज्यूदो म्हणतो ते हेच.

त्यांनी नेमके काय बदलले? माझ्या शिक्षकी नजरेला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, डावाची फोड केली. समोरच्याचा तोल आधी घालवायचा, मग आपण योग्य जागी शिरायचे, मग टाकायचे. एकाच हिसक्यात दिसणारी गोष्ट तीन पायऱ्यांत मांडली. गणित शिकवणाऱ्याला याचे मोल कळेल.

दुसरी, धोक्याचे डाव बाजूला काढले. ठोसे, लाथा आणि सांधे मोडणाऱ्या काही पकडी त्यांनी फेकून दिल्या नाहीत. ठरवून, सावकाश करायच्या 'काता' नावाच्या प्रकारात त्या जपून ठेवल्या. मोकळ्या झुंजीत, ज्याला ते 'रान्दोरी' म्हणत, त्यांना मज्जाव केला. त्यामुळे मुले रोज पूर्ण जोराने झुंजू शकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत येऊ शकली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पडण्याचे शिक्षण. त्याला 'उकेमी' म्हणतात. जुन्या घराण्यांतही पडण्याची रीत होतीच, पण ज्यूदोच्या शिक्षणक्रमात ती अगदी आरंभी येऊन बसली. टाकायला शिकण्याआधी पडायला शिकायचे.

कसे पडायचे? मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर आपल्या कमरपट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. पाठ गोल करायची, फळीसारखी ताठ नाही. हात मागे टेकायचा नाही, कधीच नाही! मनगट आणि कोपर मोडते ते तिथेच. त्याऐवजी अख्खा हात तळव्यापासून कोपराच्या वरपर्यंत अंगाच्या बाजूला चटईवर सपकन आपटायचा. पुढे पडायचे असेल तर एका हाताच्या कडेवरून खांद्यावर, खांद्यावरून तिरके पाठीवर असे चाकासारखे घरंगळायचे. आणि हे सगळे पहिल्या दिवशी उभ्याने करायचे नाही. आधी निजून, मग बसून, मग उकिडवे बसून, आणि शेवटी उभ्याने.

हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. माझ्या त्या विद्यार्थिनीने ताठ हात टेकला होता. तिला निजून, बसून, उकिडवे अशा पायऱ्यांनी कोणी आणले असते तर? चार दिवस जास्त लागले असते, एवढेच.

ज्यूदोत आणखी एक शिस्त आहे. टाकणाऱ्याने समोरच्याची बाही सोडायची नाही. शेवटपर्यंत धरून थोडे वर ओढायचे, म्हणजे पडणाऱ्याचे डोके वाचते आणि तो नीट कुशीवर येतो. म्हणजे जो पाडतो त्याच्यावरच पडणाऱ्याची जबाबदारी! कानो पुढे 'आपले आणि दुसऱ्याचे, दोघांचे भले' हे ज्यूदोचे तत्त्व म्हणून सांगू लागले. ते तत्त्व पाहायचे असेल तर ती धरलेली बाही पाहावी.

कानो पेशाने शिक्षक होते. शिक्षक तयार करणाऱ्या टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातले पहिले सदस्य झाले. १९३८ मध्ये कैरोची बैठक आटोपून परतताना बोटीवरच त्यांचे निधन झाले. आपल्या देशाशीही या विद्येचा संबंध जुना आहे. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९०५ मध्ये सानो नावाचे जपानी शिक्षक आणले होते, आणि १९२९ मध्ये ताकागाकी यांना खास ज्यूदो शिकवायला बोलावले. मुलींनीही शिकावे हा त्यांचा आग्रह होता.

कोणी म्हणेल, बाई जपानचे गोडवे गातात, आपल्याकडे काय कमी होते? काही कमी नव्हते. माझे थोरले बंधू तालमीत जात. मुलींना आत प्रवेश नव्हता, मी डबा द्यायला जाई तेव्हा दारातून दिसे तेवढे पाहिलेले. कुस्तीआधी पोरे फावड्याने हौद्यातली लाल माती खणून भुसभुशीत करत. ते खणणे म्हणजे व्यायाम, आणि भुसभुशीत माती म्हणजे पडणाऱ्याची गादी. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालत, खरचटले तर चिघळू नये म्हणून. नव्या पोराला वस्ताद लगेच कुस्तीला सोडत नसत. आधी कितीतरी दिवस जोर, बैठका आणि मान कमावणे. मल्लखांबाचेही तेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ज्याचे पुनरुज्जीवन केले तो आपला मल्लखांब. खांबाला एरंडेल लावायचे, आणि पहिल्या दिवशी आधी अढी. अढी पक्की झाल्याशिवाय पुढचे काही नाही.

म्हणजे शहाणपण दोन्हीकडे होते. आपल्याकडे ते वस्तादाच्या नजरेत आणि हातात होते. वस्ताद होता तोवर ते टिकले. कानोंनी ते कागदावर आणि शाळेच्या तासात आणले.

आता इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण इतिहास शिकवणाऱ्याने सोयीच्या पानावर थांबू नये.

कानोंच्याच देशात, शाळांमधल्या ज्यूदोत १९८३ पासून पुढच्या तीस वर्षांच्या आत शंभराहून जास्त मुलांचा मृत्यू झाला. नागोया विद्यापीठातले अभ्यासक उचिदा र्‍यो यांनी शाळांच्या अपघात-नुकसानभरपाईच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा हा आकडा जगापुढे आला. तोवर प्रत्येक मृत्यू सुटा होता, दुर्दैव म्हणून विसरला गेलेला. बहुतेक मृत्यू डोक्याच्या दुखापतीने झालेले, आणि त्यांत नुकती सुरुवात केलेली पहिल्या वर्षाची मुले पुष्कळ. 'ओसोतो-गारी' नावाचा एक डाव वारंवार आढळला. त्यात पाय मागून काढून घेतात आणि माणूस थेट पाठीवर पडतो. कवटीच्या आत मेंदूवरच्या बारीक शिरा असतात. डोके जोराने हिसकले तर त्या तुटतात आणि रक्त साचते. त्यासाठी डोके जमिनीवर आपटावेच लागते असेही नाही.

ज्या मुलांचे उकेमी कच्चे होते, ज्यांच्या मानेत अजून बळ नव्हते, जी थकून गेली होती, त्यांनाही पुन्हा पुन्हा टाकले गेले. "सहन कर, घट्ट होशील" हीच समजूत. फुकुदा गुरुजींची जुनी पद्धत मागच्या दाराने परत आली म्हणायची. फरक एवढाच की हे कानोंच्या नावाने चालले होते.

२०१० मध्ये अशा मुलांच्या पालकांनी संघटना काढली. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकलेचा विषय सक्तीचा होणार होता, त्यामुळे गदारोळ झाला. नव्या सूचना निघाल्या, डोक्याला मार लागल्यास काय करायचे ते ठरले, नवख्यांना कोणते डाव टाकायचे नाहीत ते ठरले. त्यानंतर काही काळ एकही मृत्यू झाला नाही. मग २०१५ मध्ये पुन्हा झाला. २०२२ साली तिथल्या ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासाने लहान मुलांवर जे ओझे येते ते नको म्हणून. मला हा निर्णय फार मोठा वाटला. ज्यांनी खेळ जन्माला घातला त्यांनीच म्हणायचे की थांबा, आपले चुकते आहे.

फ्रान्समध्ये तर १९५५ पासूनच कायदा आहे की सरकारी पदविकेशिवाय कोणी पैसे घेऊन ज्यूदो शिकवायचा नाही. मला वाटते सगळ्याचे सार तिथे आहे. तंत्र पुस्तकात असून भागत नाही. ते शिकवणाऱ्याच्या अंगात असावे लागते, आणि ते शिकवायला त्याला सवड असावी लागते.

आता नातीच्या गुडघ्याकडे येते. अमेरिकेतल्या बिली ब्लँक्स या कराटेपटूने तायक्वांदो आणि बॉक्सिंग यांची सांगड घालून 'ताए बो' नावाचा व्यायाम काढला आणि १९९० च्या दशकात त्याच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघरी गेल्या. आजचे हे क्लास त्याच वळणाचे. युद्धकलेतून प्रतिस्पर्धी काढला, भीती काढली, हे चांगले झाले. सामान्य बायामाणसांना दार उघडले. पण त्याबरोबर सावकाशपणाही निघून गेला. जी लाथ शिकायला कराटेच्या वर्गात महिनेच्या महिने घालवतात, ती इथे पहिल्याच दिवशी गाण्याच्या तालावर तीस वेळा मारायची. चुकीची हालचाल एकदा केली तर शरीर माफ करते. तीस गुणिले तीन महिने केली तर नाही करत.

नात आता दुसऱ्या एका बाईंकडे जाते. त्यांनी पहिले दोन आठवडे गाणेच लावले नाही म्हणे. भिंतीला धरून फक्त उभा पाय फिरवायला शिकवले. टाच उचलायची, चवड्यावर फिरायचे, टाच लक्ष्याकडे आली पाहिजे, मग कंबर, मग लाथ. हवेत ठोसा मारताना कोपर शेवटपर्यंत ताठ झटकायचे नाही, थोडी लवण ठेवायची. पिशवीवर मारताना अंगठा मुठीबाहेर, मनगट सरळ, आणि मार तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या हाडांवर घ्यायचा. करंगळीच्या बाजूने मारले तर तिथले हाड मोडते. नात म्हणते, "आजी, कंटाळा येतो गं." मी म्हटले, "येऊ दे. बाराखडीचाही येतो."

आमच्या वयाच्या मंडळींसाठीही एक गोष्ट सांगते. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या संशोधकांनी ज्यूदोच्या पडण्याचा अभ्यास केला. कुशीवर पडताना घरंगळण्याची पद्धत वापरली तर खुब्यावरचा आघात सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो असे त्यांना आढळले. गंमत म्हणजे त्यात हात आपटण्यापेक्षा घरंगळण्याचाच वाटा मोठा. त्यावरून त्यांनी वयस्कर लोकांसाठी वर्गही घेतले, अर्थात जाड गाद्यांवर आणि जाणकारांच्या देखरेखीखाली. म्हणून कोणी हे वाचून दिवाणखान्यात उकेमी करून पाहू नये! आपण आपले जिन्याचा कठडा धरावा आणि न्हाणीघर कोरडे ठेवावे.

शेवटचे. काही वर्षांपूर्वी एका लग्नात पंगतीत वाढायला एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, हसतमुख. जिलबी वाढताना हात पुढे केला आणि मी तो हात ओळखला. कोपरात किंचित वाकडा. तिनेही मला ओळखले. "बाई, घ्या ना अजून एक!" मी तिला बाजूला घेऊन इतक्या वर्षांनी म्हटले, "अगं, चूक तुझी नव्हती. मला शिकवता येत नव्हते आणि मी तुला उडी मारायला लावली." ती म्हणाली, "बाई, तुम्ही अजून ते लक्षात ठेवलंय?" आणि माझ्या पानात दोन जिलब्या टाकून पुढे गेली.

तिने विसरणे हा तिचा मोठेपणा. मी विसरणे बरे नव्हे. ज्यांच्या हाताखाली मुले धावतात, उड्या मारतात, झुंजतात, त्या प्रत्येकाने ती बाही शेवटपर्यंत धरून ठेवायला हवी. मी सोडली होती.

तुमच्या शाळेत, तालमीत, क्लासात कोणी पडायला शिकवले होते का? आठवत असेल तर जरूर कळवा.